ओमर रॅम्सडेन : चांदीत जपलेल्या आठवणी

कारखान्यांतून एकसाची वस्तू बाहेर पडू लागल्या, तेव्हा इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांच्या विचाराच्या कलावंतांनी हातकामाची बाजू घेतली. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ या चळवळीच्या वळणाचे नामांकित रौप्यकार म्हणजे ओमर रॅम्सडेन (१८७३–१९३९).

त्यांचा जन्म शेफील्डचा. हे शहरच धातुकामाचे. तिथल्या कलाशाळेतले सहाध्यायी ऑल्विन कार यांच्यासह त्यांनी १८९८मध्ये लंडनला जम बसवला. शेफील्ड शहराचा राजदंड हे त्यांचे सुरुवातीचे मोठे काम. पुढे चर्चची पूजापात्रे, संस्थांची मानचिन्हे, गौरवाचे पेले अशी मागणी वाढत गेली. १९१९मध्ये भागीदारी संपली. रॅम्सडेन यांनी काम एकट्याच्या नावाने चालू ठेवले.

चांदीचा पत्रा ठोकताना कडक होतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा तापवून मऊ करावा लागतो. उठावाच्या नक्षीसाठी तो राळेवर बसवून मागून ठोकतात, मग समोरून रेषा रेखीव करतात. रॅम्सडेन यांच्या पात्रांवर हातोडीचे बारीक ठसे मुद्दाम राखलेले दिसतात. प्रकाश त्यांवर खेळतो. कुठे रंगीत मीनाकाम, कुठे लाकडी वाडग्याला चांदीची किनार. अनेक वस्तूंवर लॅटिनमध्ये कोरलेले असते : ‘मला ओमर रॅम्सडेन यांनी घडवले.’

प्रत्यक्षात ही घडाई कार्यशाळेतल्या अनेक कुशल कारागिरांची होती. ही पात्रे पाहताना त्या अनामिक हातांनाही श्रेय द्यायलाच हवे.