हिवाळा बहामात, मुक्काम बोटीवर

अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. तो सरला की अमेरिका-कॅनडातल्या शिडाच्या बोटी बहामाकडे निघतात. वाटेत गल्फ स्ट्रीम आडवा येतो. हा प्रवाह उत्तरेकडे धावतो. समोरून उत्तरेचा वारा आला की लाटा उंच आणि उभ्या होतात. त्यामुळे वारा फिरेपर्यंत फ्लोरिडात खोळंबून राहणं, हेच शहाणपण.

बरेच जण एक्झुमा बेटं गाठतात. कर्कवृत्ताजवळच्या जॉर्जटाऊनला, एलिझाबेथ हार्बरमध्ये, ऐन हिवाळ्यात शेकडो बोटी नांगर टाकून असतात. सकाळी व्हीएचएफ रेडिओवर हवामान आणि गावगप्पा एकदमच कळतात.

झोप उडवते ती थंड हवेची आघाडी. ती येताना वारा दक्षिणेकडून पश्चिमेला, मग उत्तरेला फिरतो. बेटांच्या पश्चिमेकडचा, एरवी निवांत असलेला नांगरतळ तेव्हा उघडा पडतो. जागा बदला, साखळी वाढवा! हिशेब असा: पाणी ३ मीटर, भरतीचा १, बोटीचं नाक पाण्यावर १, एकूण पाचाची सातपट, म्हणजे ३५ मीटर साखळी. शेजाऱ्याने कमी सोडली असेल तर जागं आपणच राहायचं.

हिवाळ्यात पाऊस बेताचाच. गोडं पाणी खाऱ्यापासून करून घ्यायचं, नाहीतर डिंगीतून कॅन भरून आणायचं. भाजीपाला नासाउहून येणाऱ्या मेलबोटीने येतो. ती लागली की लगेच दुकान गाठावं. उशीर झाला तर कोबी-बटाट्यावर भागवायचं.