आधी काप, मग कलम

कोकणात पावसाळ्याच्या आरंभी आंब्याची कोय कलमे बांधण्याची लगबग असते. भेट कलम, मृदुकाष्ठ कलम हेही प्रकार त्याच हंगामात शिकावेत, अशी नवशिक्यास उत्सुकता असते. परंतु या सर्वांचे मूळ एकच, ते म्हणजे सरळ व स्वच्छ काप.

सालीच्या आत, लाकडास लागून वाढणाऱ्या पेशींचा पातळ थर असतो. रोपाचा व काडीचा हा थर एकमेकांस भिडला, तरच सांधा जुळतो. चाकू बोथट असल्यास मध्ये पोकळी राहते व काडी सुकते. शेंडा छाटलेले कोवळे रोपही बहुधा वाया जाते. आंब्याची कोय फार काळ साठवता येत नसल्याने नव्या रोपांसाठी पुढील हंगामाची वाट पाहावी लागते.

यास्तव प्रथम आंब्याच्या टाकाऊ डहाळ्यांवर हात बसवावा. धारदार चाकूने ४ ते ५ सेंटिमीटर लांबीची पाचर तासावी. दोन पाचरींच्या सपाट बाजू जुळवून उजेडासमोर धराव्यात. मधून प्रकाश दिसल्यास काप पुन्हा घ्यावा. दिसेनासा झाल्यावरच रोपास हात लावावा. प्रात्यक्षिक घेणाऱ्यांनीही कलमांची संख्या मोजण्यापूर्वी काप तपासावेत. काप साधला, म्हणजे पुढील प्रकार शिकणे अवघड नाही.