वारसाचा फेरफार आणि नाकारलेला सन्मान निधी

पंतप्रधान किसान सन्मान निधी योजनेखाली पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाकाठी 6,000 रुपये, 2,000 रुपयांच्या तीन हप्त्यांत मिळतात. राज्य शासनाने 2023 मध्ये तेवढ्याच रकमेची नमो शेतकरी महासन्मान निधी योजना याच लाभार्थ्यांसाठी सुरू केली. सबब, एका अर्जावरील नकाराचा शेरा शेतकऱ्यास दोन्ही रकमांना मुकवितो. कोरडवाहू कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम थोडी नव्हे.

नकाराचा एक प्रकार विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जमीनधारणेसाठी 1 फेब्रुवारी 2019 ही तारीख ठरलेली असून, तद्नंतर खरेदीने जमीन घेणारा पात्र ठरत नाही. परंतु खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाकडे आलेली जमीन या अटीस अपवाद आहे. तपासणीत केवळ फेरफाराची तारीख पाहिली गेली आणि फेरफाराचे कारण पाहिले गेले नाही, तर विधवेचा वा मुलाचा रास्त अर्जही अपात्र ठरतो. वडिलांच्या हयातीत झालेली वाटणी मात्र या अपवादात बसत नाही. तशा प्रकरणी कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास खोटी आशा दाखवू नये.

अशा वेळी खिडकीपाशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. प्रथम योजनेच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांकावरून नकाराचे कारण पाहून ते उतरवून घ्यावे. नंतर तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या नावे फेरतपासणीचा अर्ज करावा. त्यासोबत मृत्यूचा दाखला, वारसाच्या फेरफाराचा उतारा, चालू सातबारा आणि मृत खातेदाराचे नाव असलेला 1 फेब्रुवारी 2019 पूर्वीचा उतारा जोडावा. हा जुना उताराच बहुधा राहून जातो, आणि खरा आधार त्याचाच असतो. मृताच्या खात्यावर पुढेही हप्ते जमा झाले असल्यास ते लपवू नयेत. त्यांची वसुली होऊ शकते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्यावाचून कचेरी सोडू नये.

तेथे दाद न लागल्यास जिल्हास्तरीय तक्रार निवारण समितीकडे जाता येते. अर्जावर काय कार्यवाही झाली हेच कळत नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये 10 रुपये शुल्क भरून तपासणीच्या शेऱ्याची प्रत मागावी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास हे शुल्कही नाही. उत्तरास 30 दिवसांची मुदत आहे. ती टळल्यास पुढील 30 दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील दाखल करावे.