वायफाय मंद का चालते?

माझी भाची रेवती दहावीत आहे. गेल्या उन्हाळ्यात ती घरबसल्या गणिताच्या एका ऑनलाइन वर्गाला बसत असे. वर्ग सुरू होऊन दहा मिनिटे झाली, की शिक्षकांचे चित्र थिजे, आवाज तुटे आणि चित्र परत हलू लागेपर्यंत फळ्यावरचे उदाहरण सुटून गेलेले असे. ‘आपली जोडणीच कमी वेगाची आहे,’ असे तिच्या बाबांनी ठरवून टाकले. दरमहा तीनशे रुपये जास्त भरून मोठ्या वेगाची योजना घ्यावयाची, असेही ठरले. ‘मामा, पण वेग खरोखरच कमी आहे का?’ असे रेवतीने मला विचारले. प्रश्न अगदी योग्य होता. आम्ही एक रविवार मोजमापासाठी राखून ठेवला. त्या दिवशी जे समजले, ते तुम्हांलाही उपयोगी पडेल.

रस्ते दोन, दोष कोणत्या?

विद्यार्थी मित्रांनो, इंटरनेट आपल्या हातातल्या मोबाइलपर्यंत येते, ते एकापुढे एक अशा दोन रस्त्यांनी. पहिला रस्ता बाहेरचा. सेवा देणाऱ्या कंपनीपासून आपल्या घरातल्या राउटरपर्यंत बहुधा प्रकाशतंतू किंवा तांब्याची तार आलेली असते. दुसरा रस्ता घरातला, म्हणजे राउटरपासून मोबाइलपर्यंत किंवा संगणकापर्यंत. येथे तार नसते. येथे माहिती वाहून नेण्याचे काम रेडिओलहरी करतात. बागेतली रबरी नळी मुडपलेली असेल, तर गच्चीवरची टाकी मोठी करून झाडांना पाणी जास्त मिळेल का? नाही. म्हणून आधी अडथळा कोणत्या रस्त्यावर आहे, हे शोधले पाहिजे.

आम्ही घरातली इतर सर्व उपकरणे बंद केली. संगणक तारेने थेट राउटरला जोडला आणि वेग मोजला. प्रत्येक मोजणी तीनदा करून सरासरी घेतली. योजना सेकंदाला १०० मेगाबिटांची होती. तारेवर वेग आला ९४ मेगाबिट. म्हणजे बाहेरचा रस्ता निर्दोष! मग तार काढून, राउटरपासून पाच फुटांवर बसून वायफायने मोजले, तेव्हा ४१ मेगाबिट मिळाले. आणि रेवतीच्या खोलीत? फक्त ३! तीनशे रुपये जास्त भरले असते, तरी या ३ चे ४ सुद्धा झाले नसते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. जोडणीचा वेग मेगाबिटांत सांगतात, तर फायलीचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइटची फाइल उतरेल. पडद्यावर १२ चा आकडा पाहून कंपनीने फसवले असे समजू नका.

लहरी वाटेत कोठे अडतात?

वायफायच्या लहरींची वारंवारता साधारण २,४०० मेगाहर्ट्झ असते. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागा, म्हणजे तरंगलांबी मिळेल. ती येते सुमारे साडेबारा सेंटिमीटर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की लहरींची शक्ती एकचतुर्थांश उरते, हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्हांला ठाऊक आहे. घरात त्यात भिंतींची भर पडते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात अशाच, परंतु पुष्कळ कमी लांबीच्या लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. लहरी भिंतीतून जातात हे खरे, पण प्रत्येक भिंत आपली जकात वसूल करते. विटांची भिंत थोडी शक्ती शोषते, लोखंडी सळ्या घातलेले काँक्रीट अधिक शोषते. धातूचा पत्रा तर लहरींना आरपार जाऊच देत नाही, परत फिरवतो. आरशाच्या पाठीमागे धातूचा पातळ थर असतो, म्हणून आरसाही अडथळाच. पाणीही या लहरी चांगल्याच शोषून घेते.

आता आमचा राउटर कोठे होता ते ऐका. तो होता बाहेरच्या खोलीत, लोखंडी कपाटामागे, जमिनीवर! तार तेथून आत आली, म्हणून पेटी तेथेच राहिली. रेवतीच्या खोलीकडे जाणाऱ्या लहरींच्या वाटेत कपाट, फ्रिज आणि दोन भिंती उभ्या होत्या.

हवेतली गर्दी

अडथळ्यांखेरीज आणखी एक कारण असते. हा लहरींचा पट्टा परवान्यावाचून कोणालाही वापरता येतो. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची उपकरणे अशी सारी मंडळी येथेच बोलत असतात. मायक्रोवेव्ह भट्टीही २,४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालते आणि तिच्यातून किंचित लहरी बाहेर झिरपतात.

एकाच हवेत अनेकांनी बोलावयाचे, तर गोंधळ कसा टाळावा? १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, तेव्हा हाच प्रश्न आला. त्यांची युक्ती सोपी होती. दोन संदेश एकमेकांवर आदळून बिघडले, तर प्रत्येकाने वाटेल तेवढा निराळा वेळ थांबून आपला संदेश पुन्हा पाठवावयाचा. वायफाय याच्या एक पाऊल पुढे जाते. ते आधी कान देऊन ऐकते आणि हवा शांत असेल तरच बोलते. म्हणजे गर्दी वाढली, की वाट पाहण्यातच वेळ जातो. दूरच्या कोपऱ्यातला अशक्त लहरी मिळणारा मोबाइल हळूहळू बोलतो, त्यामुळे तो हवा जास्त वेळ अडवून धरतो आणि बाकीच्यांनाही खोळंबून ठेवतो.

हा पट्टा १, २, ३ अशा क्रमांकांच्या वाहिन्यांत विभागलेला आहे. शेजारच्या दोन वाहिन्यांच्या मध्यांमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्झचे, पण एका राउटरला जागा लागते निदान २० मेगाहर्ट्झची. मग शेजारच्या वाहिन्या एकमेकींवर चढणारच. न चढणाऱ्या वाहिन्यांचा नेहमीचा संच म्हणजे १, ६ आणि ११.

एका वेळी एकच बदल

आता आम्ही उपाय सुरू केले, पण एका वेळी एकच. दोन बदल एकदम केले, तर गुण कोणत्या औषधाचा हे कळत नाही. प्रथम दहा मीटर तार आणून राउटर घराच्या मधल्या बोळात, सहा फूट उंचीच्या फळीवर ठेवला. रेवतीच्या खोलीत ३ चे १९ मेगाबिट झाले. मग मोबाइलवरच्या एका साधनाने पाहिले, तर आसपासचे बहुतेक राउटर ६ क्रमांकाच्या वाहिनीवर होते आणि आमचाही त्यांतच. तो १ वर नेला. वेग झाला २८. आमच्या राउटरला ५,००० मेगाहर्ट्झच्या वरचा दुसरा पट्टाही आहे. तेथे वाहिन्या पुष्कळ, गर्दी कमी आणि वेग जास्त. मात्र त्या लहरी भिंतींपुढे लवकर थकतात. जवळच्या खोल्यांतली उपकरणे त्या पट्ट्यावर नेली, तेव्हा रेवतीसाठी पहिला पट्टा आणखी मोकळा झाला. चित्रासह चालणाऱ्या वर्गाला तीन-चार मेगाबिट पुरतात. सोमवारी तिचा वर्ग शेवटपर्यंत अडखळला नाही. खर्च आला तो फक्त तारेचा.

तारेवरही वेग कमी आला असता तर? तर दोष बाहेरच्या रस्त्याचा. अशा वेळी सकाळ, दुपार आणि रात्र अशा वेळांचे आकडे तारखेसह लिहून कंपनीकडे तक्रार करावी. ‘नेट चालत नाही’ या तक्रारीपेक्षा आकड्यांच्या तक्त्याला उत्तर देणे कंपनीला भाग पडते.

तुम्ही करून पाहा

घराचा नकाशा काढा. प्रत्येक खोलीत तीन वेळा वेग मोजून सरासरी नकाशावर लिहा. मोबाइल लोखंडी कपाटात ठेवला तर लहरींच्या खुणेच्या रेघा किती कमी होतात, ते पाहा. घरी मायक्रोवेव्ह भट्टी असल्यास मोठ्या माणसांसमक्ष तिच्यात पेलाभर पाणी तापत ठेवा आणि तिच्याजवळ दोन्ही पट्ट्यांवर वेग मोजा. भट्टी रिकामी मात्र चालवू नका. राउटरची मांडणी बदलण्याआधी वडीलधाऱ्यांना विचारा आणि जुनी मांडणी वहीत टिपून ठेवा. तुमचे आकडे वर्गात ताडून पाहा. सर्वांत मंद खोली कोणाच्या घरी निघाली, आणि का, याचे कारण नकाशावरून सांगता येते का?