धूर पाषाणात मुरेल काय?

मळवली स्थानकावरून भाज्याच्या लेण्यांकडे जाताना वाटेत काळा कातळ सोबतीला असतो. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास याच बेसाल्ट खडकात भिक्षूंसाठी विहार व चैत्यगृह कोरले गेले. या खडकाच्या बारीक पोकळ्यांत अनेकदा पांढरे स्फटिक आढळतात. ओढ्यात पडलेला असा एखादा सुटा दगड आणून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, तर काही स्फटिक निश्चल राहतात, काही फसफसतात. फसफसणारे स्फटिक कॅल्साइटचे आणि त्यातून सुटणारे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. म्हणजे हा वायू दगडात बंदिस्त होऊन युगानुयुगे राहू शकतो, याचा पुरावा आमच्या अंगणातच आहे.

आज हाच वायू जगाच्या चिंतेचा विषय झाला आहे. आपल्या देशातील निम्म्याहून अधिक वीज कोळसा जाळून निर्माण होते. औष्णिक केंद्राच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड अमाइन नावाच्या रसायनांच्या द्रावणात शोषून घेता येतो. द्रावण तापविले की शुद्ध वायू वेगळा होतो. मग तो दाबाखाली भूगर्भात सोडता येतो. पाण्यात विरघळलेला हा वायू सौम्य आम्ल बनतो, बेसाल्टमधील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह मोकळे करतो आणि त्यांच्याशी संयोग पावून दगड होतो.

आइसलँडमध्ये हेलिशेइडी येथील भूऔष्णिक वीजकेंद्राजवळ २०१२ मध्ये हा प्रयोग झाला. खडकात सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेला आपला दख्खनचा बेसाल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. साहजिकच संशोधकांचे लक्ष त्याकडे वळले आहे.

परंतु येथे सावधपणे विचार करावयास हवा. आइसलँडचा खडक तरुण व सच्छिद्र आहे. आपल्या प्राचीन खडकातील अनेक पोकळ्या स्फटिकांनी आधीच भरलेल्या आहेत. जे स्फटिक आशेची खूण, तेच अडचणीचीही खूण! शिवाय आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे पंचवीस टन पाणी लागते. मावळात पावसाळा उदंड असला तरी उन्हाळ्यात डोंगरवाड्यांवर हंड्यांची रांग लागते, हे आम्ही पाहतो. वायू वेगळा करण्यासाठी केंद्राच्या स्वतःच्याच उर्जेचा मोठा वाटा खर्ची पडतो, तो निराळाच.

प्रमाणाचाही विचार करू. मध्य प्रदेशातील विंध्याचल औष्णिक केंद्रात २०२२ मध्ये दिवसाला वीस टन वायू पकडणारी यंत्रणा सुरू झाली. कोळशावरील ५०० मेगावॅटचा एकच संच पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसाला सुमारे दहा-अकरा हजार टन वायू सोडतो. प्रयत्न स्तुत्य आहे. पण अंतर केवढे आहे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः भागाकार करून पाहावे.

लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून १९१५ पासून वीज निर्माण होत आहे. त्या विजेमागे धुराडे नाही. तरीही मावळातील दिवे केवळ त्या पाण्यावर जळत नाहीत. आमच्या वसतिगृहात येणाऱ्या विजेतही दूरच्या कोळशाचा अंश आहे. म्हणून या प्रश्नापासून आम्ही अलिप्त नाही.

सिमेंट, पोलाद यांसारख्या उद्योगांतील वायू टाळणे कठीण असते. तेथे त्याला पाषाणात ठेवण्याची विद्या अवश्य विकसित व्हावी. मात्र उद्या धूर पुरता येईल म्हणून आज निश्चिंतपणे जाळत राहावे, असा तिचा अर्थ होऊ नये. जो धूर निर्माणच झाला नाही, त्याला ठेवण्यासाठी खडक शोधावा लागत नाही. भाज्याच्या कातळाने दोन हजार वर्षे माणसाचे श्रेष्ठ श्रम जतन केले. आमचा निष्काळजीपणाही त्यानेच पोटात घ्यावा, अशी अपेक्षा आम्ही धरू नये.