वेधशाळेवरचे ढग

दुर्बीण कितीही मोठी असो, तिच्यापुढे ढगाचा एक पुंजका आला की तिची सारी मातबरी संपते. म्हणून वेधशाळेसाठी डोंगर निवडताना खगोलशास्त्रज्ञ प्रथम विचारतो, येथे वर्षात निरभ्र रात्री किती? त्यात एक मेख आहे. पाहणी होते चारपाच वर्षांची. दुर्बीण मात्र उभी राहते पन्नास वर्षांसाठी. मधल्या काळात ढगांची रीतच पालटली तर?

हे ताडून पाहावयाचे, तर जुन्या नोंदी हव्यात. निरीक्षक आकाशाचे मनाशी आठ भाग कल्पी आणि त्यांतील किती झाकले आहेत ते वहीत लिही. अंधाऱ्या रात्री विरळ ढग दिसत नाही. तारे किंचित मंदावले, एवढ्यावरूनच तो ओळखावयाचा. कोडाईकनाल येथे (पुण्याच्या तख्तसिंहजी वेधशाळेचे साहित्य १९१२ साली तिकडेच गेले) १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत. त्या मालिकेतील रिकामे दिवस ही ढगांची एक रोजनिशीच होय. मात्र यंत्र बिघडल्याचा दिवसही तिच्यात तसाच रिकामा दिसतो!

पुढे उपग्रह आले आणि काम सुकर झाले, असे वाटले. परंतु लडाखमधील हानलेसारख्या, सुमारे ४,५०० मीटर उंचीच्या स्थळी खालचा बर्फ आणि वरचा ढग दोन्ही पांढरे, दोन्ही थंड. शिवाय उपग्रह बदलला की आकडाही थोडा बदलतो. तो बदल आकाशाचा की उपकरणाचा, हे सोडविणे जिकिरीचे.

भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह १९८० ते २०२० या एकेचाळीस वर्षांची माहिती घेऊन आठ उंच स्थळांची तुलना केली. तीत चिलीतील पारानाल सर्वांत सरस ठरले. हानले येथे वर्षाकाठी सुमारे २७० रात्री वेधास योग्य आढळल्या. दख्खनवर पावसाळ्याचे महिने जवळजवळ वाया जातात; हिमालयाच्या आडोशामुळे हानलेला तो जाच नाही.

केवळ वार्षिक बेरीज पाहून मात्र भागत नाही. हिवाळ्यातील रात्र लांब, उन्हाळ्यातील आखूड. समजा, निरभ्र रात्रींची संख्या तेवढीच राहिली, पण त्या जानेवारीतून सरकून जूनमध्ये गेल्या. तर वेधाचे तास घटतात आणि मृगनक्षत्रातील तारकामेघ वर्षभर हाती लागत नाही.