महिनाभर गोल्फ, मुक्काम परक्या घरी



एखाद्या सभासदाच्या मुलाला वा मुलीला गोल्फ शिकायला महिनाभर इंग्लंडला पाठवायचे झाले, तर काय पाहावे, ते थोडक्यात देत आहोत.

खेळ असा : मैदानात 18 खड्डे, प्रत्येक सव्वाचार इंच रुंद. कमीत कमी फटक्यांत चेंडू आत घालायचा. पिशवीत काठ्या जास्तीत जास्त 14. हात बसायला रोजचा सराव लागतो. म्हणून बाहेरगावच्या मुलांची सोय बरेचदा अकादमीजवळच्या एखाद्या कुटुंबात करतात. राहणे-जेवण त्यांच्यात, शिस्तही त्यांचीच. पोर शाकाहारी असेल तर आधीच कळवावे.

आता महत्त्वाचे. सोळा वर्षांखालचे मूल नात्यात नसलेल्या घरी 28 दिवस वा अधिक राहणार असेल, तर तिथल्या कायद्याने स्थानिक कौन्सिलला किमान 6 आठवडे आधी कळवावे लागते. महिना म्हटला की ही मुदत सहसा भरतेच. मग कौन्सिलचा माणूस येऊन घर पाहतो, मुलाशी बोलतो. ही कटकट नव्हे. आपल्या लेकराची ती राखण आहे. व्हिसाच्या अर्जालाही आई-बापाचे संमतीपत्र आणि मुक्कामाचा पत्ता जोडावा लागतो.

तेव्हा उसाचे बिल हाती आले म्हणून घाई करू नये. यजमानांशी स्वतः बोलावे, कौन्सिलला कळवले का ते विचारावे, मगच पैसे भरावेत.